आम्ही बांधलेली खुराडी

वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात कापून उरलेल्या अँगलचे, पत्र्याचे तुकडे साठत जातात. कुणी मुद्दाम ठेवत नाही, कुणी टाकूनही देत नाही. "लागेल कधीतरी" म्हणायचं आणि पायानं आत सरकवायचं. किस्से तसेच साठतात बघा! आता तुम्ही बसलाच आहात, चहाही सांगितलाय, तर त्यातले थोडे बाहेर काढतो. सगळे एकाच मालाचे आहेत. कोंबड्यांच्या खुराड्यांचे.

हसू नका. दहा-बारा वर्षं मी आणि अन्वरभाईंनी पनवेलात आणि आसपास खुराडी बांधलीत. मी मूळचा ड्राफ्ट्समन. एका बिल्डरच्या ऑफिसात बाथरूम आणि जिने काढून काढून कंटाळलो आणि नोकरी सोडली. अन्वरभाई पनवेलचेच. मस्कतला बारा वर्षं वेल्डिंग करून परत आले आणि उरण नाक्याच्या मागे शेड टाकली. मी नकाशा काढायचा, त्यांनी जोडायचं. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, गच्चीवरचे कठडे. खुराड्यांचं काम आम्ही ठरवून घेतलेलं नाही, ते आमच्या गळ्यात पडलं.

त्यात मी लेले. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सुरुवातीला एका गिऱ्हाइकानं मला आडनाव विचारलं, मग अन्वरभाईंकडे वळून म्हणाला, "यांना कोंबडीतलं काय कळणार?"

अन्वरभाईंनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला.

"बाळंतपणं करणारे डॉक्टर काय स्वतः बाळंत होतात?"

ऑर्डर मिळाली!

*

पहिलं खुराडं म्हात्रे काकूंचं. काकू पळस्प्याच्या अलीकडच्या एका गावातून आमच्या गल्लीत गावठी अंडी विकायला यायच्या. रात्री कोंबड्या टोपल्यांखाली झाकायच्या, आणि टोपल्या सारख्या मोडायच्या. "पक्कं कायतरी करून दे," म्हणाल्या.

मी जीव ओतला त्या नकाशात! चार बाय सहाचं, प्लायच्या चारही भिंती, वर पत्रा, कडी लागणारं दार, एक खिडकी, खिडकीला झडप. बाहेरून हिरवा ऑइलपेंट. बाहुलीचं घरच म्हणा ना. आम्ही ते टेम्पोतून नेलं तेव्हा गावातली निम्मी माणसं बघायला जमली होती.

चौथ्या दिवशी काकूंचा निरोप आला. कोंबड्या आत जात नाहीत. सांज झाली की सगळ्या शेवग्याच्या झाडावर चढून बसतात.

मी गेलो. एप्रिल संपत आला होता, दुपारचे चार वाजले असतील. म्हटलं, "काकू, त्यांना सवय नाही. दोन दिवस आत ढकला, मग आपसूक जातील."

काकूंनी खुराड्याचं दार उघडून धरलं. मग म्हणाल्या, "तू बस आत."

"मी?"

"तूच ना बांधलंस? बस की."

बसलो. गुडघे हनुवटीला लावून. काकूंनी बाहेरून कडी घातली आणि त्या भांडी घासायला गेल्या! पहिली दोन मिनिटं मजा वाटली. मग पत्रा तापल्याचं कळायला लागलं. मग माझाच श्वास माझ्या तोंडावर परत यायला लागला. शर्ट पाठीला चिकटला, चष्म्यावर वाफ आली. दहा मिनिटं झाली असतील, मी दारावर थापा मारायला लागलो.

काकूंनी सावकाश कडी काढली. "काय वाटला?"

"फार गरम होतंय हो."

"तू एकटा हायस. त्या बारा हायेत. आन त्यांना घाम येत नाय."

मी घरी येऊन नकाशा समोर घेतला. आपल्याकडचा हिवाळा तसा सौम्य. गारठून मरायची भीती नाही. इथं कोंबडीचे वैरी दोन, कोंडलेली हवा आणि ओल. मी मात्र थंडी अडवायला निघालो होतो, आणि थंडी तर पनवेलात नव्हतीच! दोन भिंती काढून जाळी लावली, छप्पर हातभर उचललं, पत्र्याच्या वरून नारळाची झापं टाकली, तळ जमिनीपासून दोन फूट वर घेतला. त्याच संध्याकाळी अर्ध्या कोंबड्या आत गेल्या.

ऑफिसात इतकी वर्षं मी माणसांची घरं काढली. आत जाऊन बसून बघ, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

न्यू पनवेलला प्रधानसाहेब राहायचे. रिटायर होऊन मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले. तिथं शेजाऱ्याच्या परसात कोंबड्या बघितल्या आणि डोक्यात घेतलं. आमच्याकडे आले ते रंगीत प्रिंटआउटची फाइल घेऊनच. दुहेरी भिंती, आत ऊब धरायला अस्तर, बर्फ घसरून पडावा म्हणून उभ्या उताराचं छप्पर!

मी म्हटलं, "साहेब, आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पंखा चारवरून दोनवर."

"ते लोक विचार करून करतात, लेले."

"बर्फात बसून करतात ना, जनाब," अन्वरभाई म्हणाले.

पण प्रधानसाहेब ऐकेनात. शेवटी तडजोड झाली. चारही बाजूंनी जाळी, आणि जाळीच्या आतून थर्माकोलच्या शीट, उन्हाळ्यात काढता येतील अशा. आठ कोंबड्या आल्या. प्रधानसाहेबांनी फोटो काढून अमेरिकेला पाठवले.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आवाज घाबरा. "लेले, ताबडतोब या. माझ्या कोंबड्या भिंत खातायत!"

जाऊन बघतो तर खरंच! थर्माकोलवर चोच मारली की कुर्रकन आवाज येतो आणि पांढरा दाणा सुटतो. कोंबडीला आणखी काय पाहिजे? आठही जणींनी आपापल्या उंचीवर खायला सुरुवात केली होती, आणि खात खात चारही भिंतींना वीतभर रुंदीचा पट्टा आरपार पोखरून टाकला होता. त्यातून छान वारा येत होता. कोंबड्या मजेत.

अन्वरभाईंनी खिशातून टेप काढला, वाकले, माप घेतलं. मग माझ्याकडची फाइल मागून माझा पहिला नकाशा उघडला, जो प्रधानसाहेबांनी नाकारला होता.

"लेलेसाहेब, तुम्ही जिथे उघडी जाळी दाखवली होती, बराबर तिथेच!"

प्रधानसाहेबांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. कोंबड्यांना काही झालं नव्हतं. डॉक्टर गेल्यावर प्रधानसाहेब उरलेल्या शीट स्वतःच्या हातांनी उपसायला लागले.

"यांना इंग्लिश येत नाही," ते म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

*

आता हा किस्सा हसण्याचा नाही. पण तो वगळून बाकीचे सांगितले तर ते खोटं होईल.

देसाई बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. जुन्या पनवेलात तळ्याच्या बाजूला त्यांचं बैठं घर, मागे मोठं परस. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब. बाईंनी अकरा कोंबड्या पाळल्या आणि अकराही जणींना आपल्या जुन्या विद्यार्थिनींची नावं दिली. "ही वासंती, फार बोलते. ही रेखा, मागच्या बाकावरची."

बाईंचं खुराडं मी मनापासून केलं होतं. हवा खेळती, छप्पर बाहेर काढलेलं, बसायला आडवे दांडे. दार तेवढं लाकडी. पावसात लाकूड फुगतं आणि दार अडकतं, म्हणून मी दाराखाली थोडी फट ठेवली होती. अन्वरभाईंनी विचारलंही होतं, "एवढी?" मी म्हटलं, "असू दे."

श्रावणातल्या एका सकाळी बाईंचा फोन. "लेले, टेप घेऊन ये."

मी गेलो. परसात एक जुनं नऊवारी लुगडं अंथरलेलं होतं आणि त्याच्याखाली अकरा उंचवटे. मुंगूस. मुंगूस एक मारून थांबत नाही. आत शिरलं की फडफड थांबेपर्यंत मारत सुटतं.

बाई म्हणाल्या, "माझं रडून झालंय. ओरडायला बोलावलेलं नाही तुला. त्या फटीत बोटं घाल."

मी गुडघ्यावर बसलो. तीन बोटं आरामात आत गेली.

"मुंगसाला डोकं घालायला तेवढं पुरतं. डोकं गेलं की बाकीचं अंग जातं. हे मला आज कळलं. तुला माहीत असायला हवं होतं."

मी मान खाली घालून हो म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून परसाच्या कडेला खड्डा खणला. बाई एकेकीला उचलून देताना नाव घेत होत्या. वासंतीला त्यांनी बराच वेळ हातात धरलं.

हात धुताना त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात गणित चुकलं की मी तेच गणित दहा वेळा सोडवायला लावायची. तू आजवर बांधलेली सगळी खुराडी बघून ये. प्रत्येकाच्या फटीत बोटं घाल. मग मला येऊन सांग."

अन्वरभाईंनी त्या आठवड्याचं ग्रिलचं काम बाजूला ठेवलं आणि माझ्याबरोबर आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पावसात स्कूटरवरून आम्ही एकोणीस खुराडी फिरलो. आणखी दोन ठिकाणी तीन बोटं गेली. तिथं खाली पत्र्याची पट्टी मारली, जाळी वीतभर जमिनीत पुरली. मग बाईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा दिला.

पुढच्या वर्षी त्यांनी परत सहा कोंबड्या आणल्या. खुराडं आम्हीच नवीन करून दिलं. मी हिय्या करून विचारलं, "बाई, यांची नावं काय?"

"ठेवते ना. आधी तू बोटं घालून दाखव."

*

मधे बर्ड फ्लूची साथ आली. आमच्याकडे काही झालं नव्हतं, पण भीती अशी की बाजारात कोंबडी फुकट दिली तरी कुणी हात लावेना. नवी ऑर्डर एकही नाही. एका गिऱ्हाइकानं तर कोंबड्या देऊन टाकल्या आणि खुराडं टेम्पोत घालून आमच्याकडे परत आणलं. म्हणाला, "रिकामं बघवत नाही."

ते शेडमध्ये पडून राहिलं. आठ दिवसांत एक मांजर त्यात व्यायली. चार पिल्लं! जमिनीपासून वर, हवेशीर, कोरडं. तिची निवड चुकीची होती असं कोण म्हणेल?

साथ ओसरली तसा तो माणूस परत आला. "माझं खुराडं द्या, कोंबड्या आणतोय."

अन्वरभाईंनी त्याला हळूच आत नेऊन दाखवलं. "महिनाभर थांबावं लागेल. आत भाडेकरू आहेत."

तो थांबला. रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना तो दुधाची पिशवी आणायचा आणि खुराड्यापुढे उकिडवा बसायचा. महिन्यानं खुराडं घरी नेलं, तेव्हा त्यात दोन पिल्लंही गेली.

*

एकांनी खुराडं वास्तुशास्त्रानुसार हवं म्हणून सांगितलं. सल्लागार आधीच येऊन गेला होता. दार पश्चिमेला.

मी म्हटलं, "पश्चिमेकडून आपल्याकडे पाऊस येतो. चार महिने सगळं पाणी आत. खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजणार, कोंबड्या आजारी पडणार."

"पण शास्त्र..."

पुढचे चार दिवस ते फोनवर शास्त्र आणि मी पाऊस, असं चाललं. माझा आवाज चढायला लागला तसा अन्वरभाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आप फिकीर मत करो साहब. दार पश्चिमेलाच."

मी चिडलो. खुराडं नेऊन ठेवलं. दार पश्चिमेला. पूजा झाली, नारळ फुटला, सल्लागारानं मान डोलावली. सगळे प्रसाद खायला आत गेले तेव्हा अन्वरभाईंनी मालकाला बाजूला घेतलं आणि खाली बोट दाखवलं.

खाली चार चाकं होती!

"मुहूर्ताला पश्चिम," अन्वरभाई म्हणाले, "जूनमध्ये पूर्व."

*

बेलपाड्याला गावंड नावाचा एक जण होता. आजूबाजूला खारघर वाढत गेलं, पण याचं घर आणि परस तसंच. शेजारी एक नवीन बंगला झाला, तिथं कर्णिक राहायला आले. गावंडाकडे सात कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि त्याचा आवाज म्हणजे भोंगाच! कर्णिकांनी आधी तोंडी सांगितलं, मग लेखी तक्रार दिली. गावंड आमच्याकडे आला. "कोंबरा कापायला नाय देनार मी. कायतरी इलाज करा."

अन्वरभाईंच्या नानीचा एक इलाज होता. कोंबडा आरवताना मान उंच ताणतो. मान ताणायला जागाच नसली की तो गप्प बसतो. म्हणजे त्याच्या रात्रीच्या खणाचं छप्पर खाली आणायचं. त्याला फक्त उभं राहता येईल इतकंच.

मी टेप घेऊन कोंबड्याची उंची मोजली. आयुष्यात बरीच मापं घेतली, पण ज्याचं माप घेतो त्यानं हातावर चोच मारल्याचा अनुभव पहिलाच. डोक्यावर दोन बोटं जागा ठेवून फळी बसवली. दिवसा तो मोकळा, रात्री या खणात.

उपाय लागू पडला! पाच दिवस बेलपाड्याच्या त्या गल्लीत पहाट झाली ती एकदम शांत.

सहाव्या दिवशी कर्णिक स्वतः वर्कशॉपवर आले. आम्हाला वाटलं, आभार मानायला आले. अन्वरभाईंनी खुर्ची पुसून दिली. ते बसले नाहीत.

"ती फळी वर घ्याल का?"

"म्हणजे?"

"माझे वडील आहेत. अंथरुणावरच असतात. दिसत नाही त्यांना, दोन-तीन वर्षं झाली. त्यांची खोली गावंडांच्या बाजूला आहे. कोंबडा आरवला की ते मला हाक मारायचे, चहा मागायचे. मला वाटायचं, कोंबड्यामुळे त्यांची झोप मोडते आणि त्यांच्यामुळे माझी. म्हणून तक्रार केली. आता ते पडल्या पडल्या वाट बघतात. सात वाजले, ऊन आलं, मी चहा नेला, तरी विचारतात, अजून रात्रच आहे का रे?"

अन्वरभाईंनी हत्यारांची पेटी पुढे ओढली.

"मला झोप मिळाली हो," कर्णिक म्हणाले. "पण त्यांना सकाळ होत नाही."

त्याच दुपारी आम्ही पाने-पक्कड घेऊन गेलो. फळी काढून टाकली. कर्णिक कुंपणापाशी उभं राहून बघत होते. गावंडानं त्यांना घरात बोलावलं, आणि ते आले.

दोन दिवसांनी मी फोन करून विचारलं, आरवला का?

"पहिल्याच दिवशी," कर्णिक म्हणाले. "बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, आला वाटतं गावाहून."

*

हा एक शेवटचा. नंतर उठू या.

विमानतळासाठी गावं उठायला लागली तेव्हाची गोष्ट. खाडीच्या अंगाला एक गाव होतं, तिथले भोईर. वय सत्तरीच्या पुढे, उंच, कानाला जरा कमी. त्यांना दुसरीकडे प्लॉट मिळाला होता. बाकीची माणसं आर्किटेक्टकडे, काँट्रॅक्टरकडे फिरत होती. भोईर आमच्याकडे आले.

"आधी खुराडा," ते म्हणाले. "घर मागून."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मोकळा प्लॉट, नुसत्या मार्किंगच्या खुंट्या मारलेल्या, आणि त्यावर आधी खुराडं?

"घराला मानसं हायेत बगायला," भोईर म्हणाले. "कोंबऱ्यांना कोन सांगनार, आता हितं राहायचा म्हनून?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. कोंबडी जागेची असते. नवीन ठिकाणी नेऊन सोडली तर सांजेला पाय जुन्या जागेकडेच वळतात. रस्ता ओलांडेल, गाडीखाली जाईल, पण जाईल. म्हणून नवीन खुराड्यात आठ दिवस कोंडून ठेवायची. दाणा आत, पाणी आत. आठ दिवस तिनं तिथला उजेड बघायचा, तिथलेच आवाज ऐकायचे. नवव्या दिवशी सांजेला, अंधार पडायच्या तासभर आधी दार उघडायचं. मग ती फार लांब जात नाही. आणि एकदा स्वतःच्या पायानं परत आत आली, की ती जागा तिची.

त्यांनी माझ्याकडून सगळं जुन्या खुराड्यासारखं करून घेतलं. दार त्याच बाजूला, पायरीची उंची तीच. बसायचे दांडे तर त्यांनी जुनेच काढून आणले. कोंबड्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. "पायाला वळख पायजे," म्हणाले. मी नकाशा काढला नाही. ते सांगत गेले, मी मापं लिहीत गेलो, अन्वरभाई जोडत गेले.

नवव्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. खरं तर काही काम नव्हतं. भोईर, त्यांची बायको जनाबाई, मुलगा, सगळे उघड्या प्लॉटवर उभे. भोईरांनी दार उघडलं आणि मागे सरकले.

सात कोंबड्या एकेक करून बाहेर आल्या. माती उकरली, जोत्यासाठी आणलेल्या खडीवर चढल्या, उतरल्या. एक जरा लांब गेली, रस्त्याच्या कडेपर्यंत. भोईरांनी धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरलेला मी बघितला. कुणीच हाक मारली नाही. मग उजेड कमी झाला, आणि ती वळली. एकीमागून एक सगळ्या आत जाऊन दांड्यावर बसल्या. अन्वरभाईंनी "माशाल्ला" म्हटलं. भोईरांनी दारात वाकून हातानं मोजल्या, कडी घातली आणि पहिल्यांदाच हसले.

नंतर त्यांचं घर झालं. वर्षभरात दोन मजले, टाइल्स, स्टीलचे कठडे, ते कठडे आमचेच. सगळे राहायला आले. पुढे एकदा खुराड्याची कडी गंजली म्हणून मुलाचा फोन आला, तेव्हा मी संध्याकाळचा गेलो. कोंबड्या एकेक करून आत चालल्या होत्या. जनाबाई पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

मी कडी बदलली. "भोईरबाबा कुठे आहेत?"

"गावात गेलं."

"कुठल्या गावात?"

जनाबाईंनी हातानं खाडीकडची बाजू दाखवली. तिथं आता काही उरलेलं नव्हतं. घरं पाडून, वर भराव टाकून सगळं सपाट केलेलं, मी येता-जाता बघत होतो.

"रोज जातान. दिस कलला की उठतान आन निंगतान. चालत. पोऱ्या कामावरना आला का बाइक घेऊन जातो, आन घेऊन येतो. काय बोलत नाय. तितं नुसतं उबं असतान."

लांबून बाइकचा आवाज आला. जनाबाईंनी तिकडे बघितलं नाही. शेवटची कोंबडी आत गेली तशा त्या उठल्या, मी नवीन बसवलेली कडी त्यांनी घालून बघितली, काढून बघितली, परत घातली.

"आठ दिस कोंडल्या, त कोंबऱ्या राहिल्या," त्या म्हणाल्या. "यांना मी कुटं कोंडू?"